रिकाम्या आळ्याला पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, लेकीला नाही, देवापुढे तर मुळीच नाही. आज तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. परवा टीव्हीवर चार माणसं तावातावानं भांडत होती — गांजाला औषध म्हणून परवानगी द्यावी की नको. नातू म्हणाला, "आजी, तुमच्या वेळी असलं काही होतं का गं?" मी म्हटलं, "छे! आमच्या माहीमला कुठलं असलं!" बघा — अजून खोटंच बोलते मी.

मी जात्याच भित्री. एडवणला माहेरी असताना पाल चुकचुकली तरी आईच्या पदराआड जायचे. लग्न करून माहीमला — मुंबईचं नव्हे, केळव्याशेजारचं — आले ती साठाच्या पुढची सालं. घरात मोठी जाऊ — अक्का. विधवा, मूलबाळ नाही. आमचे हे वसईला नोकरीला, रविवारी यायचे. केळीची आणि पानवेलींची वाडी अक्काच सांभाळायची. माझ्या बाळंतपणात तिनं माझं जे केलं ते आईनंही केलं नसतं. जीभ मात्र फटकळ. "सुमे, तुला वाऱ्याचं पण भ्याव! वारा काय खातो काय तुला?"

पानवेलींच्या आड भांगेची दोन-तीन रोपं असायची. शिवरात्रीला देवळात भांग घोटायची म्हणून मोठे दीर लावायचे. ते गेल्यावर अक्कानं नेम मोडला नाही. गावात कुणाला ठाऊक नव्हतं? सगळ्यांना होतं.

मग अक्काच्या पोटात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. कळ आली की ती उशी दातांत धरायची. केळव्याचे वैद्य म्हणाले, भांगेचा पाला तुपात परतून गुळाबरोबर द्या. दिला. सांजेला अक्का उठून बसली, पेज मागितली, आणि भात करपवला म्हणून मला बोललीसुद्धा. ती बोलली म्हणून मला रडू फुटलं हो!

त्याच सुमारास देवळाच्या ओट्यावर वाद पेटला. मास्तर म्हणाले, नशा ती नशा, मग ती देवळात असो नाहीतर घरात. पुजारी म्हणाले, हा देवाचा प्रसाद आहे. अक्काच्या पोटातल्या कळांबद्दल दोघंही बोलले नाहीत. आणि कानावर आलं — असल्या रोपांपायी कुणाला तरी बेड्या घालून भर बाजारातून नेलं म्हणे. माझं अन्नपाणी तुटलं. डोळ्यांपुढे सारखे माझे हात — हातात बेड्या, आणि मागे रडणारी माझी लेक.

तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं होतं. जीपगाड्या फिरायच्या. एका सकाळी एक जीप थेट आमच्या कवाडापाशी थांबली. खाकी कपडे दिसले — झालं! मी धावले, रोपं मुळासकट उपटली, न्हाणीच्या चुलीत कोंबली आणि वर रॉकेल ओतलं. बाहेर येते तर खाकीतला ड्रायव्हर विचारतोय, "बाई, केला मिलेगा क्या?" केळ्यांचा घड हवा होता त्यांना. केळ्यांचा!

आतून अक्का म्हणाली, "कसला गं वास?"

"केळीचा वाळका पाला जाळतेय."

दुसऱ्या दिवशी सांगितलं, शेळ्या शिरल्या आणि रोपं खाल्ली. ह्यांनाही तेच सांगितलं. अक्कानं उशाखालून एक पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. "बी हाय. परत पेर. जाऊ दे."

इथपर्यंतचं सगळं भीतीवर ढकलता येईल. पण पुढचं? ते बी मी विहिरीत टाकलं. वाडीत एक आळं केलं, चांगलं गोल, आणि त्या रिकाम्या आळ्याला रोज पाणी घालू लागले — अक्काला खाटेवर बादलीचा आवाज जावा म्हणून. "बोटभर आलंय, अक्का." मग वीतभर. मग गुडघ्याएवढं. ती म्हणायची, "मग दे की पाला." मी म्हणायचे, तुरा आल्याशिवाय गुण नाही, वैद्यांनीच सांगितलंय. वैद्यांनी असं काही सांगितलं नव्हतं. दुसरीकडून आणता आलं असतं — मागायला माझी जीभ उचलली नाही. ती ओरडायला लागली की मी लेकीला उचलून विहिरीवर जाऊन बसायचे. आणि पोलीस? ते कधीच आले नाहीत.

शेवटच्या सकाळी तिनं विचारलं, "आला तुरा?"

"आला, अक्का." हसूनसुद्धा बोलले मी.

तिनं माझा हात धरला. अंगात बळ नव्हतं, पण पकड घट्ट होती. "जाळलंस तवाच वळखला गं मी वास. म्हटलं, भ्याली पोर. बी दिलंय, पेरल परत." मग दम घेऊन म्हणाली, "रोज इचारत होते ना तुला? म्हटलं, आज तरी खरं सांगल पोर."

सांज होईस्तोवर ती ओरडत होती. त्या दिवशी मी विहिरीवर गेले नाही, तिच्याजवळ बसले. बी कुठे टाकलं ते मात्र तेव्हाही सांगितलं नाही.