जुमेरातीच्या मेणबत्त्या

"वास कसला यायचा त्याला, तेवढं सांग."

घरचं कुणी गेल्याचं सांगायला बाई आली, की खालांचा पहिला प्रश्न हा. कसा गेला, वय काय, मागे कोण, यातलं काही नाही. त्या डोळे मिटायच्या, मान जरा वर करायच्या आणि समोरची सांगेल ते नाकाने ऐकायच्या.

जेद्दाहला अल अझीझियात आमच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. त्या श्रीवर्धनकडच्या, मी चिपळूणची. तिकडे सात जन्मांत गाठ पडली नसती, ती इथे जिन्यात पडली. त्यांचे यजमान गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात होते. सगळी इमारत त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले.

खाला घरी सुगंधी मेणबत्त्या करत. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान पातेलं, त्यात मेणाच्या वड्या. मेण वितळलं की लगेच अत्तर घालायच्या नाहीत. "गरम मेणात वास राहात नाय गो, उडून जातो. जरा निवू दे." मग कहव्याच्या पेल्यात वात उभी धरून हळूच ओतायच्या. ते होईपर्यंत बोलायचं नाही. मला तर शिंकायचीही चोरी.

आता तुम्हाला वाटेल, बाईचा छंद. त्यांच्या यजमानांचे मित्रही तसंच समजायचे. पण त्यांच्या गावी जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, तिन्हीसांजेला घरात लोबान जाळतात आणि गेलेल्यांची नावं घेतात. त्या वेळी ती माणसं उंबऱ्याशी येऊन जातात, असं तिथल्या म्हाताऱ्या मानतात. इथे शेजाऱ्यांना असल्या चाली खपत नसत. लोबानाचा धूर जिन्यात गेला की प्रश्न सुरू. खालांनी त्यावर मेणबत्ती शोधून काढली. "मेणबत्ती काय, शोभेची वस्तू. कोण विचारतो?" आणि कुणाच्याच मातीला वेळेवर न पोचलेल्या आम्हा कोकणातल्या बायका त्यांच्याकडे आपापल्या माणसाचा वास सांगून येत असू.

माझे वडील गेले तेव्हा ह्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या सहीशिवाय देश सोडता येत नाही तो अरबी मालक, बाहेरगावी होता. परतीच्या व्हिशाचा शिक्का मिळाला नाही आणि मी घरातच बसून रडले. वडील कंपाउंडर होते. खालांना मी म्हटलं, "कार्बोलिक साबण आणि तपकीर."

गुरुवारी सांजेला मेणबत्ती लावली. आधी साबण आला, मग तपकीर आली. मी रडायची तयारी करून बसले होते. तेवढ्यात तिसराच वास आला, ओल्या छत्रीचा. दवाखान्यातून आले की वडील छत्री दारामागे टेकवून ठेवत. छत्रीचं मी सांगितलंच नव्हतं, आणि जेद्दाहला पाऊस पडून किती महिने झाले होते कोण जाणे. ह्यांची सुट्टी होती, आत झोपले होते. तिथूनच ओरडले, "कोण आलंय गं? बसा म्हण, पाणी दे."

हसा खुशाल, पण बी.एस्सी. झालेल्या मी पाण्याचा पेला भरून त्या मेणबत्तीशेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी खालांना म्हटलं, "छत्री मी सांगितली नव्हती."

"मी पण नाय टाकली," म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या.

खालांचा एक मुलगा बोटीवर होता. मालवाहू बोट, आज या बंदरात तर उद्या त्या. एकदा त्याचा फोन यायचा थांबला, तो थांबलाच. पुढे बोटीचाही पत्ता लागेना. लोक दबक्या आवाजात बोलू लागले. यजमान एकदा माझ्यादेखतच म्हणाले, "कर आता त्याची एक. जुमेरातीला पोर कुणाच्या दारात उभा राहात असेल?"

खाला शांतपणे म्हणाल्या, "मी मेलेल्यांच्या करते. माझा पोरगा ड्युटीवर गेलाय."

पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

नंतर एका दुपारी मी त्यांच्याकडे असताना त्या कुणाच्या तरी आजीची मेणबत्ती करत होत्या. मोगरा आणि विड्याचं पान. मेण निवलं, अत्तर पडलं आणि पातेल्यातून भसकन डिझेलचा वास आला. डिझेल, खारं पाणी आणि आवळ्याचं तेल. ते तेल तो मुलगा डोक्याला थापायचा, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. खालांनी अत्तराची बाटली बंद केली. पेल्यात मेण ओतलं, पण वात घातली नाही.

"फेकवत नाय, आणि पेटवायची तर नाय," म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी कुणाचीच मेणबत्ती केली नाही. बायका यायच्या, चहा पिऊन जायच्या. मला खालांची फार दया यायची आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायची. पुढे दुकान बंद पडलं, यजमानांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला आणि दोघं कायमची गावी गेली.

दोघं गावी गेली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. शुक्रवारी सकाळी खाली उतरले, तर इमारतीचा हारिस, म्हणजे आमचा बंगाली राखणदार, म्हणाला, "भाभी, एक लडका आया था. तीसरे माले की खाला को पूछा. बोला, अम्मी है क्या?"

"फिर?"

"मैं बोला, खलास, इंडिया गया. थोडा टाइम सीढ़ी पे बैठा, फिर किधर गया, मालूम नहीं. कपड़े से डिझेल का बास आता था."

"कब आया था?"

"कल. जुमेरात को, मगरिब के टाइम."

मगरिब, म्हणजे तिन्हीसांजेची नमाज. जिन्यात काहीही नव्हतं. मी वर गेले, कॉलिंग कार्ड खरवडलं आणि त्यांच्या गावी फोन लावला. हे कळवायचं की नाही, असा विचार करत बसले असते तर कळवलंच नसतं. खालांनी सगळं ऐकून घेतलं.

"वार कुठला होता गो?"

"रविवार, खाला," मी म्हटलं. "रविवारी सकाळी आला होता."

"रविवारी? अल्ला! म्हणजे जिता आहे गो माझा पोरगा!"

फोन तसाच टाकून त्या यजमानांना हाका मारत आत गेल्या. कार्ड संपेपर्यंत मी त्या हाका ऐकत उभी होते.