केशरची पाठराखीण

ठाण्याच्या तळ्यामागच्या आळीतली कुठलीही मुलगी पहिल्यांदा सासरी निघाली, की आवडाबाईला बोलावणं येई. लग्नं तेव्हा आठव्या-नवव्या वर्षी होत. एवढी मुलगी एकटी कशी धाडायची, म्हणून माहेरची एक बाई तिच्यासोबत जायची, पाच दिवस राहायची, तिला कुशीत घेऊन निजायची आणि परत यायची. तिला पाठराखीण म्हणत. या कामाला आवडाबाई फार सोयीची होती. तिचा नवरा ऐन तारुण्यात बैराग्यांच्या मागे काशीला गेला तो आलाच नाही, आणि मेल्याची खबरही आली नाही. त्यामुळे तिच्या कपाळावर कुंकू होतं आणि मागे संसार नव्हता. दिराच्या घरी दोन वेळचं रांधायचं, आणि मधूनमधून कुणाच्या तरी लेकीला घेऊन पनवेल, भिवंडी नाहीतर वसई गाठायची, यातच तिचे केस पिकले.

तिची रीत ठरलेली होती. मुलीला पदराआड ठेवायची नाही. उंबरठा ओलांडला की थेट सासूच्या चुलीपुढे नेऊन बसवायची आणि आपण लांब व्हायचं. "पाणी गार असलं की पहिला तांब्या एकदम डोक्यावर घ्यावा," ती म्हणायची. परत आली की मुलीची आई दारातच विचारी, "रमली का हो?"

"रमली," आवडाबाई सांगे, आणि पाय धुवायला जाई.

त्या वर्षी पाळी आली कचेरीतले कारकून भाऊ यांच्या सगुणेची. सासर कल्याणला, पारनाक्याजवळ. नवरा पुण्याला इंग्रजी शिकत होता, सासरा धान्याच्या व्यापारात गावोगाव हिंडायचा, म्हणजे घरात मुख्यतः सासूच. सगुणेची आई कमळाबाई आठ दिवस धड जेवली नव्हती. लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, अशी तेव्हा चाल होती. त्यामुळे स्वतः जाऊन बघायची सोय नव्हती.

"ती बोलत नाही हो फारशी," कमळाबाई म्हणाली. "मनातलं सगळं त्या मांजराशी बोलते. तेवढं घेऊन जा तिच्याबरोबर."

कोलशेतच्या मिठागरावरून कुणीतरी आणून दिलेलं ते पिल्लू होतं, पिवळसर, मुठीएवढं. सगुणेने त्याचं नाव केशर ठेवलं होतं.

"मुलगी पोचवते मी. मांजरं नाही पोचवली कधी," आवडाबाई म्हणाली.

"दोघींनाही पोचवा. तुम्ही परत आलात की तिथे तिचं म्हणून कोण आहे?"

आवडाबाई टोपली शोधायला उठली. पिल्लू झाकणाच्या टोपलीत घातलं, आणि आगगाडीने तिघी कल्याणला गेल्या.

सासूचं नाव लक्ष्मीबाई. अंगाने थोराड, आवाज खणखणीत. वाईट बाई नव्हती, पण वर्षानुवर्षं त्या घरात तिला उत्तर देणारं कुणी नव्हतं. तिच्या सोबतीला होती ठकी, करड्या रंगाची म्हातारी मांजर. ठकी तिच्या पाटाशेजारी जेवायची, तिच्या पायाशी निजायची, आणि लक्ष्मीबाई दिवसभर तिच्याशीच घरातल्या गोष्टी बोलत असायची.

आवडाबाईने सवयीप्रमाणे सगुणेला चुलीपुढे बसवलं. लग्नात तिचं नाव बदलून सुमती ठेवलं होतं. लक्ष्मीबाई म्हणाली, "सुमती, ते तांदळाचं सूप इकडे दे." पोर जागची हलली नाही. आपल्यालाच हाक मारलीय हे तिच्या लक्षातच आलं नाही.

"कानाने कमी आहे की काय?" लक्ष्मीबाईने विचारलं.

"नाव नवं आहे, विहीणबाई. अंगवळणी पडेल."

मग आवडाबाईने जे मुलीचं केलं तेच पिल्लाचं केलं. टोपली उघडली, केशरला उचललं आणि ठकीच्या दुधाच्या वाटीपुढे नेऊन ठेवलं. एकदाची ओळख होऊन जाऊ दे, असा तिचा विचार. पिल्लू वाटीत तोंड घालायला गेलं. ठकीच्या घशातून गुरगुर निघाली आणि पुढच्या क्षणी ती त्याच्यावर होती. सगुणा मध्ये धावली. ठकीची नखं तिच्या मनगटावर उतरली. पिल्लू चुलीमागे लाकडांत घुसलं, ठकी धापा टाकत उतरंडीवर चढली आणि संध्याकाळपर्यंत खाली आली नाही.

लक्ष्मीबाईने मुलीच्या मनगटावर हळद दाबली, चिंधी बांधली. हात हलका होता. पण बोलली ते असं: "ठकी या घरची आहे. परत जाताना ते पिल्लू न्या. मुलीची आई मला विचारून पाठवती तर मी तेव्हाच सांगितलं असतं."

आवडाबाईला ते लागलं. इतक्या घरांत इतक्या पोरींना तिने असंच पहिल्या दिवशी वाटीपुढे ठेवलं होतं. पोरींना चुलीमागे घुसता येत नव्हतं, एवढाच काय तो फरक. हा विचार तिने झटकला, पण तो गेला नाही.

पिल्लाला भाताच्या कोठीत ठेवून दार लावलं. दुसऱ्या दिवशी सगुणेच्या मनगटावरची चिंधी सुटून पडली होती. आवडाबाईने पाहिलं, ठकी त्या चिंधीपाशी बसून कितीतरी वेळ नाक हलवत होती. सगुणा आदल्या संध्याकाळी कोठीत पिल्लाला मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हा चिंधीला त्याचाच वास असणार. ठकी चिंधीवर फिसकारली खरी, पण पळाली नाही. जिवंत मांजर नको, पण त्याचा वास चालतो, असं दिसलं.

मग आवडाबाईने पिल्लाच्या अंगाखालचं गोणपाट काढून ठकीच्या निजायच्या जागी टाकलं आणि ठकीचं फडकं कोठीत नेलं. एका बाजूला ठकीची वाटी, दुसऱ्या बाजूला केशरची, मध्ये बंद दार. पहिल्यांदा ठकीने वाटीकडे पाठ फिरवली. आवडाबाईने वाटी दारापासून लांब सरकवली, तेव्हा जेवली. पुढच्या जेवणाला वाटी थोडी अलीकडे.

लक्ष्मीबाई पाटावरून सगळं बघत होती. "सून आणायलासुद्धा आम्ही एवढी तयारी केली नव्हती," ती म्हणाली.

"तेच म्हणते मी," आवडाबाई म्हणाली.

लक्ष्मीबाईने एकदम वर बघितलं.

काम पुढे सरकत होतं, पण मुंगीच्या पावलांनी. ठकी दाराजवळ जेवू लागली, तरी आतून म्यांव ऐकलं की पाठीवरचे केस उभे राहायचे. आणि सगुणा तर त्या कोठीतून बाहेरच येईना. हाक मारली की यायची, सांगितलेलं करायची, पुन्हा आत. आत तिचा हळू आवाज चालू असे. बाहेर आली की तोंड बंद. आवडाबाई रोज मनाशी हिशेब करायची, आणि तो जुळत नव्हता. मांजरांना अजून पंधरवडा तरी हवा होता. तिचे पाच दिवस भरत आले होते.

शेवटच्या सकाळी तिने धीर केला. "विहीणबाई, मी अजून थोडी राहू का?"

लक्ष्मीबाई भाजी चिरत होती. विळीवरचा हात थांबला. "पाठराखीण पाच दिवसांची. सहाव्या दिवशी आळी विचारेल, सासू सुनेला मारते की काय, म्हणून माहेरचं माणूस हलत नाही. मी तिला बोट लावलंय का?"

"नाही लावलं."

"मग?"

"पिल्लू तरी राहू दे."

"आणि तुम्ही गेल्यावर दारं कोण लावत बसेल? एक दिवस कोठी उघडी राहील आणि ठकी त्याचा जीव घेईल. ते पाप माझ्या घरात नको. न्या बाई त्याला."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आवडाबाईने टोपली आणली. सगुणेने स्वतःच्या हाताने पिल्लू आत ठेवलं, झाकण लावलं, दोरी बांधली. नमस्कार केला. "आईला सांगा, मी बरी आहे," एवढंच म्हणाली. डोळे कोरडे होते.

घरचा गडी गोविंदा बैलगाडीने स्टेशनावर सोडायला आला. "शहाणी आहे हो तुमची पोर," तो म्हणाला. "रडली नाही. आमच्या बहिणीने गाव डोक्यावर घेतलं होतं." त्याने टोपली खाली ठेवली आणि बैल वळवले.

रडली नाही.  आवडाबाई फलाटावर टेकली. ज्या पोरी तिच्या लुगड्याला लोंबकळून रडल्या, त्या पुढे माहेरपणाला येताना बडबडत आल्या, कडेवर मुलं घेऊन आल्या. भिवंडीला पोचवलेली मालन तेवढी रडली नव्हती. तिनेही असाच नमस्कार केला होता, अशीच शहाणी म्हणवून घेतली होती. वर्षाच्या आत ती घरामागच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. मालनच्या आईने आवडाबाईला काहीही विचारलं नव्हतं, नुसती तोंडाकडे बघत राहिली होती.

गाडी आली. बायकांच्या डब्यातून कुणीतरी टोपली वर घ्यायला हात पुढे केला. आवडाबाई उठली, टोपली उचलली, आणि डब्याकडे पाठ करून चालू लागली. पारनाका लांब होता, ऊन चढलं होतं, टोपलीत केशर अखंड ओरडत होती. वाटेत दोनदा तिला वाटलं, आपण हे काय करतोय. दिराला काय सांगायचं, पुन्हा कोण आपल्याला बोलावणार.

लक्ष्मीबाई ओसरीवरच होती. "काय राहिलं?"

"गाडी चुकली."

"संध्याकाळी दुसरी आहे."

"तीही चुकेल."

 "आवडाबाई, वेड लागलंय का तुम्हाला? लोकांना मी काय सांगू?"

"सांगा की ठाण्याची एक बाई गळ्यात पडलीय. मी तुमचे तांदूळ निवडीन, पाणी भरीन. माहेरचं माणूस म्हणून नका ठेवू मला. ही कोठीची दारं लावायला कुणी हवं, म्हणून ठेवा. ठकी आणि हे पिल्लू एका जागी बसली की त्या दिवशी जाईन."

"आणि नाहीच बसली तर?"

 आवडाबाईने टोपली दुसऱ्या हातात घेतली. आतून पुन्हा आवाज आला, आणि त्या आवाजाने माजघरातून सगुणा दारात आली. हातातलं सूप तसंच, त्यात निवडायचे तांदूळ. तिने टोपलीकडे पाहिलं, मग आवडाबाईकडे.  सूप खाली पडलं, तांदूळ ओसरीभर झाले, आणि पोर असा टाहो फोडून रडायला लागली की समोरच्या घरातली बाई दारात आली.

"अगं, आता काय झालं? आता तर आली ना ती?" लक्ष्मीबाई गोंधळून गेली. समोरची बाई बघत होती. "आवडाबाई, गप्प करा हिला. लोक काय म्हणतील?"

"नको," आवडाबाई म्हणाली. "रडू दे तिला. तुम्ही बसा जवळ."

"मी?"

"मी टोपली कोठीत ठेवून येते. ठकी कुठे आहे?"

"चुलीपाशी."

"मग मागच्या दाराने जाते."

ती घराला वळसा घालून मागे गेली. लक्ष्मीबाई सांडलेल्या तांदळांतच खाली बसली. हात पोरीच्या पाठीकडे नेला, मध्येच थांबवला, कारण ठकीखेरीज कुणाच्या पाठीवरून हात फिरवून तिला फार वर्षं झाली होती. "सुमती," ती म्हणाली. पोर रडतच होती. जरा वेळाने लक्ष्मीबाईने आवाज खाली आणला आणि विचारलं, "घरी तुला काय म्हणतात गं?"