मेथीला दोन माणसं लागतात

भाजी निवडून, चिरून, मसाला मोजून घरपोच देणारा तो खोका घ्यावा का न घ्यावा, असं सोसायटीच्या बाकावर मला एकदोघांनी विचारलं आहे. त्यांच्या सुना मागे लागल्या आहेत. माझी शाळा चौथीत सुटली, पण भाजीचं मला विचारतात, कारण मार्केट यार्डातून भाजी भरून टेम्पो चालवण्यात माझं आयुष्य गेलं. मी सांगतो, घ्या, भाजी चांगली असते. पुढचं सांगत नाही. ते बाकावर बसून सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहितो.

माझं काम पहाटेचं. यार्डात माल भरायचा, हॉटेलांना, मंगल कार्यालयांना टाकायचा आणि दुपारच्या जेवणाला घरी यायचं. तेव्हा आम्ही गुलटेकडीला दोन खोल्यांत राहायचो. जेवून मी जरा आडवा व्हायचो. उठलो की बायको म्हणायची, "अहो, पेपर पसरा."

म्हणजे आज मेथी.

इतर भाज्या ती एकटी उरकायची. गवार, घेवडा, काही असो, मला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, तुम्ही निवडलेल्या गवारीत शिरा जास्त आणि गवार कमी. मेथी मात्र दोघांनी. रद्दीतला पेपर फरशीवर पसरायचा, जुडीची सुतळी सोडायची, मग ती जुडीचे दोन भाग करायची. एक तिच्या पुढ्यात, एक माझ्या. पानं ताटात, मुळं आणि जून देठ बाजूला. मला थोडंफार वाचता येतं ते शाळेमुळं नाही, त्या पेपरांमुळं. पाला उचलला की खालची बातमी दिसायची. मी अक्षराला अक्षर लावत जायचो आणि नेमकी महत्त्वाच्या जागी तिच्या देठांची रास असायची.

"सरकव की जरा. त्या मंत्र्याचं काय झालं बघू दे."

"त्याचं काही होत नाही. तुम्ही निवडा."

तिच्या माहेरची एक रीत होती. मेथी निवडताना भांडायचं नाही, भांडलं तर भाजी कडू होते. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच जुडीला तिनं हे मला ऐकवलं. मी म्हटलं, "अगं, मेथी कडूच असते."

"मग अजून होईल. खायची तुम्हालाच आहे."

मी हसण्यावारी नेलं. पण रीत पाळली. आणि पाळता पाळता ती अंगात अशी भिनली, की हातात मेथीची काडी असली की माझा आवाज चढायचाच नाही. एरवी मी तापट माणूस. यार्डात माझ्या आवाजावर ट्रक मागे घ्यायचे. ती म्हणायची, यापेक्षा तुमचा हॉर्न बरा. तर जे ऐकून मी पेटेन असं तिला वाटायचं, ते ती मेथीवर सांगायची. हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली. ध्यानात आल्यावर तिनं आपणहून "येताना मेथी आणा" म्हटलं, की जुडी घेताना मी मनात म्हणायचो, आता काय निघतंय कोणास ठाऊक.

पोराचं लग्न असंच निघालं.

"पोरानं मुलगी बघितलीय," ती म्हणाली. "त्याच्या ऑफिसातली. नागपूरकडची आहे. आपल्यातली नाही."

मी तिच्याकडं बघितलं. ती खाली मान घालून पानं खुडत होती. माझ्या हातात काडी, काडीला अर्धी पानं. बोलायचं तर खूप होतं. शेवटी निघालं एवढंच, "पोळ्या तरी येतात का तिला?"

"तुम्हाला येतात?"

झालं. त्या जुडीवर लग्न ठरलं. भाजी कडू झाली नाही, हे मला मान्य करावं लागलं.

मग मी टेम्पो विकला आणि आम्ही शहराच्या कडेला, मांजरी गावात, पोराच्या फ्लॅटवर राहायला आलो. इथं सोफा आहे, खुर्च्या आहेत, जेवायचं टेबल आहे. मेथी मात्र फरशीवरच. सूनबाई सुट्टीच्या दिवशी घरी असली की तीही सासूशेजारी येऊन बसायची, आणि मी निवडून टाकलेले देठ दोघी पुन्हा तपासायच्या. त्यांची आपसात कुजबुज चालायची. मी पेपर वाचायचो.

एकदा बायको म्हणाली, "मंडईत जाऊन मेथी आणा."

"मंडईत? खाली गेटवर गाडी उभी असते की."

"मंडईतली आणा."

मी बसनं गेलो. बसमध्ये तिला नावं ठेवत गेलो. मंडईत एका जुन्या बाईकडं मोठ्या पानांची हिरवीगार जुडी मिळाली, ती मांडीवर घेऊन परत आलो. मला घराबाहेर धाडून तिनं स्वतःसाठी वेळ काढला होता, हे मला तेव्हा सुचलं नाही. आलो तर पेपर आधीच पसरलेला होता. तो पसरायचं काम माझं. तिनं जुडी सोडली, दोन भाग केले.

"डॉक्टरांनी परत बोलावलंय," ती म्हणाली. "येताना घरच्या कुणाला तरी आणा म्हणाले."

मी निवडत राहिलो. एरवी मी काडी धरून सरसर पानं ओढणारा, त्या दिवशी एकेक पान वेगळं खुडलं. तीही घाई करत नव्हती. ऊन फरशीवरून सोफ्यावर गेलं तरी जुडी संपेना.

"अहो, मेथी आहे ती, केशर नाही," ती म्हणाली.

त्यानंतर तिच्याबरोबर पेपरापुढं बसलो ते थोडेच दिवस. मग ती पलंगावरून बघायची आणि मी निवडायचो. मग तेही राहिलं.

ती गेल्यावर मी घरात जाहीर केलं, संध्याकाळची भाजी माझी. पोळ्या करायला मावशी येतात, सकाळचं सूनबाई बघते, पण संध्याकाळी ओट्याशी मी. पोरगा म्हणाला, बाबा, तुम्हाला चहा येतो फक्त. म्हटलं, तुलाही चालता येत नव्हतं. सुरुवातीला करपवलं, खारट केलं, नंतर जमायला लागलं. मेथीत लसूण सढळ, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ, आणि वर झाकण ठेवायचं नाही. ती असंच करायची. तिच्यासारखी चव आली नाही, पण तिच्या ओळखीची वाटावी इथपर्यंत पोचलो. त्यासाठी मी आठवड्यातून कितीदा मेथी आणत होतो ते घरच्यांनाच विचारा.

असं चाललेलं असताना तो खोका आला.

पोरानं मोबाईलवरून मागवला होता. आत छोट्या छोट्या डब्या. चिरलेला कांदा, सोललेला लसूण, निवडलेली भाजी, पुडीत मोजलेला मसाला. आणि वर एक कार्ड, चित्रं काढलेलं, आधी काय घाला, मग काय घाला, किती वेळ परता.

"बाबा, यात तुम्हाला काहीच करायला नको," पोरगा म्हणाला. "नुसतं फोडणीला टाकायचं. कार्डावर लिहिलंय सगळं."

"मी माझ्या बापाचं ऐकलं नाही," मी म्हटलं. "कार्डाचं ऐकू?"

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मी त्या संध्याकाळी खोका उचलून फ्रिजमध्ये ठेवला आणि माझी जुडी काढली. दुसऱ्या दिवशी तेच. पोरगा हट्टानं खोक्यातली भाजी करायचा, मी हट्टानं माझी. टेबलावर दोन दोन भाज्या.

"एवढं कोण खाणार, बाबा?"

"ज्यानं मागवलं त्यानं."

सूनबाई दोन्हीतली थोडी थोडी घ्यायची.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. खोका दाराशी येऊन पडला होता. उघडला तर आत मेथी. म्हटलं, आता सापडलात. मी पेपर पसरला, ती डबी त्याच्यावर उपडी केली आणि चष्मा लावून बसलो. मूळ शोधलं, पिवळं पान शोधलं, मातीचा कण शोधला. देठ घेतले होते ते कोवळेच. सगळी पानं चाळून झाली आणि मी तसाच बसून राहिलो. मला करण्यासारखं त्यात काही ठेवलंच नव्हतं.

संध्याकाळी तीच भाजी केली. झाकण न ठेवता. पोरगा जेवताना म्हणाला, "बाबा, आज भारी झालीय." मी घास घेतला. ती कडू लागावी अशी माझी फार इच्छा होती. लागली नाही.

तरी मी हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी गेटवरच्या गाडीवरून जुडी आणून ओट्यावर ठेवली.

पुढच्याच आठवड्यात सूनबाई ऑफिसातून लवकर आली. खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि हातात मेथीची जुडी. चप्पल काढली, बॅग टेबलावर टाकली.

"बाबा, पेपर पसरा."

आता काय निघतंय, मी मनात म्हटलं. हे किती दिवसांनी ऐकलं.

पेपर पसरला. ती समोर मांडी घालून बसली, सुतळी सोडली, जुडीचे दोन भाग केले, एक माझ्याकडं सरकवला. तिनं चार काड्या खुडल्या. मग म्हणाली, "बाबा, मला भाजी निवडायला आवडत नाही. कधीच आवडलं नाही."

"मग करू नकोस. तुला कोण म्हणतं कर? मी करतो."

"तुम्ही करत नाही ना, बाबा. तेच सांगतेय. दिवसभर तुम्ही घरी असता, आणि जुडी ओट्यावर पडून असते. मी दारात पाय ठेवला की तुम्ही म्हणता, आलीस? ये, बस. डोकं फुटायची वेळ आलेली असते, भूक लागलेली असते, आणि आपण निवडत बसतो. मग तुम्ही भाजी करणार, मग जेवायचं. असं काऊन करता?"

रागावली की तिचं नागपूर बाहेर येतं. मलाही राग आला. घरात माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

"अगं, पण मी काय तुला..."

"बाबा," ती हळू म्हणाली, "हातात मेथी आहे."

मी हाताकडं बघितलं. काडी होती, काडीला अर्धी पानं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आईंनी. बाबांना कडक काही सांगायचं असलं तर जुडी आणायची, म्हणाल्या. दुसरं काही चालत नाही."

मी पान खुडलं. ताटात टाकलं. पुढचं खुडलं. इतक्या वर्षांत मला कधी बोलली नाही, आणि सुनेला मात्र घराच्या किल्लीसारखं देऊन गेली. माझ्या पेपर वाचण्याच्या नादात त्यांची कुजबुज चालायची ती ही. राग कुठं गेला कळलं नाही. 

"मेथीला दोन माणसं लागतात," मी म्हणालो. मला एवढंच माहीत होतं.

"बोलायला लागतात, बाबा. मग नुसतं बोलू की. भाजी कशाला मधे?"

 उरलेली जुडी आम्ही संपवली. तिनं पेपर गुंडाळला, मी भाजी केली, आणि खोका चालू राहिला. पोराला वाटलं बाबांना पटलं. पटलंच होतं.

आता ती येते तेव्हा फोडणी द्यायची तेवढी बाकी असते. ती हातपाय धुऊन चहा घेऊन माझ्यासमोर सोफ्यावर बसते. "बोला," म्हणते. ऑफिसातल्या गमती सांगते, माझं ऐकून घेते. चांगली आहे पोर. तिच्या चेहऱ्यावरचा शीण कमी झालाय, तो खोक्यामुळं, हे मी नाकारत नाही. पण मला असं नुसतं बसून बोलता येत नाही. हातांचं काय करावं समजत नाही. मग पंच्याचे दोरे ओढत बसतो. परवा ती म्हणाली, "बाबा, नवा पंचा आणावा लागणार."

म्हणून बाकावर कुणी विचारलं तर मी सांगतो, घ्या. दमून येणाऱ्या माणसाला तो खोका हवाच. माझ्या बायकोच्या वेळी असता तर तिनंही घेतला असता. मेथी मात्र त्यातून मागवली नसती, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन.

अधूनमधून मी दुपारी बसनं मंडईत जातो. पोरगा म्हणतो, कशाला उन्हाचं? मी मोठ्या पानांची जुडी बघून घेतो, मांडीवर ठेवून परत येतो. घरात कुणी नसतं. फरशीवर पेपर पसरतो, सुतळी सोडतो, जुडीचे दोन भाग करतो. एक माझ्या पुढ्यात, एक समोर. वाचता वाचता माझा भाग सावकाश निवडतो. मधे कुणाचे देठ नसतात, त्यामुळं हल्ली बातमी पुरी वाचून होते.

माझं झालं की समोरची मेथी माझ्याकडं ओढून घेतो.