बहिऱ्या देवाच्या पाठीमागची फळी

अर्नाळ्याच्या आमच्या घरात पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नाही, फळ्यांचा आडोसा आहे. त्या आडोशाला लागून बाबांचा पलंग. बाबा ठार बहिरे. बोटीच्या इंजिनाशेजारी उभा जन्म गेल्यावर दुसरं काय होणार? त्यांना बोलवायचं तर स्वयंपाकघरातून फळीवर मूठ मारायची. फळी पाठीला हादरली की ते समजत. दोन ठोके म्हणजे चहा, तीन म्हणजे जेवण.

मी कोळ्याचा मुलगा असूनही बोटीत बसलो की ओकतो. बाबांनी मला लवकरच किनाऱ्यावर सोडून दिलं. तेव्हापासून घराण्यात माझ्याकडे एकच काम, लग्नाकार्यात गोष्टी सांगायच्या.

माझी मुलगी चित्रकला शिकते. जपानी लोक पूर्वी लाकडी ठसे कोरून चित्रं छापत, त्यांतल्या देवांवर तिला काही लिहायचं होतं. एका चित्राची रंगीत प्रत तिने घरी आणली. टोपीवाला जाडा माणूस, हातात गळाची काठी, काखेत लालभडक मासा आणि तोंडभर हसू. ‘हा कोळ्यांचा देव,’ तिने बाबांना वहीत लिहून दाखवलं.

बाबांनी चष्मा लावला आणि एका बोटीवरून दुसऱ्या बोटीला हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, “काखेत मासा? पाठीवरचा काटा बरगडीत घुसला की हसनं जाईल याचं!”

मुलगी भराभर लिहीत सुटली. असे सात देव एका गलबतातून भाग्य घेऊन येतात. वीणेसारखं वाद्य घेतलेली ती आपली सरस्वती, चिलखतवाला तो आपला कुबेर. मासेवाला तेवढा अस्सल तिकडचा. पण आजोबा, हा बहिरा! वर्षातून एकदा सगळे देव सभेला जातात, याला बोलावणं ऐकूच येत नाही, म्हणून हा घर राखत बसतो. दुसऱ्या एका चित्रात तर हा राखण करता करता पेंगतो, याने दाबून ठेवायचा तो जमिनीखालचा राक्षसी मासा शेपूट हलवतो आणि भूकंप होतो.

बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “सभेत काय ऐकायचं असतं? घर तरी राखलं!”

“देवावर हसलेलं चालतं त्यांना?” मी विचारलं.

“चालतं काय पप्पा, असली चित्रं विकत घेऊन हसायचे. आणि देवळात गेले की मागे जाऊन भिंत बडवतात. आम्ही आलोय हे त्याला कळायला हवं ना.”

माझी बायको पोळी लाटत होती, तिने लाटणं खाली ठेवलं. “मग आपन काय वेगळं करतो?”

त्याच दिवशी बाबांनी तो कागद पलंगावरच्या फळीला चिकटवून घेतला.

पुढच्या महिन्यात जूचंद्रला लग्न होतं. बाबा हात हलवून म्हणाले, “तुमी जा. मी राखतो.” मी वहीत लिहिलं, ‘जेवून लगेच निघतो. तीनला घरी.’

जेवणं झाली आणि खुर्च्या माझ्याभोवती सरकल्या. मी बहिऱ्या देवाची गोष्ट काढली. मासा म्हणून काखेत नारळ धरला, पेंगून दाखवलं, भूकंप केला. “आनि तुजा बाप कुटं?” एका मामाने विचारलं. “घरी!” मी म्हटलं. “आमचा देव राखण करतोय.” मांडव हसला. उशिरा आलेल्यांनी परत सांगायला लावली. बायको दोनदा येऊन म्हणाली, “निघूया आता.” “एवढी होऊ दे गं,” मी म्हटलं. कौतुक सोडून उठायचं कसं, हे मला कधीच जमलेलं नाही.

पाच वाजता घरी पोचलो. बाबा पलंगाच्या उशाजवळ जमिनीवर फळीला टेकून पडले होते. अंग गार झालं होतं.

शेजारच्या काकी डोक्याला हात लावून रडत होत्या. “दुपारी फळी वाजत होती रे. लय वेळ. मला वाटलं तुमी आलात नि त्यांना जेवायला उठवताय.”

त्यांचं काय चुकलं? आमच्या घरात फळी बाबांसाठी वाजायची. बाबांनी ती वाजवावी, असं कधी झालंच नव्हतं. ते वाजवत होते तेव्हा मी काखेत नारळ धरून उभा होतो.

मुलगी फळीवरचं ते चित्र काढून टाकायला निघाली होती. मी राहू दे म्हटलं. लग्नांत अजून कोणी म्हणतं, “ती बहिऱ्या देवाची सांग की.” मी बोटीत ओकलो त्याची सांगतो. तीही चालते.

एकदा दुपारी घरात कोणी नसताना मी बाबा पडले होते तिथे जमिनीवर बसलो. पाठ फळीला लावली आणि मागे हात नेऊन ठोकायला लागलो. त्या जागेवरून किती जोर लागतो, ते मला बघायचं होतं. फार लागतो. हात भरून येतो. वर देव थरथरत होता, हसत होता.

काकी धावत आल्या, पदराला पीठ लागलेलं. “कोन हाय? कोन पडलं?”

“कोन नाय, काकी. वाजते का बघत होतो.”

काकी दारातून आत आल्या आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या.