ओलं फडकं

तापलेल्या इंजिनावर ओलं फडकं पडलं की धूळ आणि ऑइलचा मिळून एक वास सुटतो. परवा एका गॅरेजपुढून जाताना तो आला आणि मला शाहूवाडीची आत्या आठवली. तिची बीपीची औषधं घेऊन दर महिन्याला मी कोल्हापुरातून जायचो. माझी जुनी मोटरसायकल तापलेली असताना बंद केली, की किका मारून मारून पाय भरून यायचा, पण ती सुरू व्हायची नाही. आत्या बादलीतलं फडकं पिळून इंजिनावर टाकायची. "गार हुस्तवर बस की," म्हणायची. घरात एकटीच असायची. त्या अर्ध्या तासात चहा व्हायचा आणि महिनाभराचं साठलेलं बोलणंही. पुढे मिस्त्रीनं कॉइल बदलली, गाडी नीट झाली. आत्याला मी ते सांगितलंच नाही. उलट दारात इंजिन चालू ठेवूनच औषधांची पिशवी पुढे केली आणि म्हणालो, "बंद केली तर परत सुरू व्हायची न्हाय." ती बादली घेऊन उंबऱ्यात आलेली होती. "मग नगं बाबा, बंद करू नगंस, वाटंत अडकशील," म्हणाली. त्यानंतर दर महिन्याला मी हेच केलं. तिच्या बाराव्याला मात्र गाडी दारात बंद केली. निघताना ती पहिल्याच किकेत सुरू झाली, तशी शेजारीण म्हणाली, "आता हुती व्हय सुरू? म्हातारी म्हनायची, पोरगं थांबलं असतं, पर गाडी थांबू देत न्हाय." मी मान खाली घालून गिअर टाकला. तीच गाडी मी अजून चालवतो, आणि ती कधीच बंद पडत नाही.