जाऊबाईंना दिलेली चटणी

मार्चमध्ये डंकावर मिरची-मसाल्याची नवी चटणी कुटून घेताना ठसका लागला, की मला थोरल्या जाऊबाई आठवतात. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी एजंटाला टाळून, पोर्तुगालच्या एका मालकिणीला थेट ईमेल करून समुद्रासमोरचा स्वस्तातला फ्लॅट आठवडाभर भाड्यानं घेतला. आमची सुट्टी मात्र पन्हाळ्यावरच. निघताना त्यांनी माझ्याकडं चटणी मागितली. माझ्या पोटात असं दुखलं, की मी मुद्दाम गेल्या वर्षीची, वास उडालेली, फिकी चटणी डबाभर दिली. परत आल्यावर म्हणाल्या, "मालकिणीला तांबडा रस्सा करून घातला. तिला तिखट सोसत न्हाय, पण तुझी चटणी बेताची हाय न्हवं, तीन वाट्या प्याली! पुढच्या वर्षी भाडं नको, नुसतं या म्हणाली की!" अजून वाटतं, तेव्हा चांगली जाळ चटणी द्यायला पाहिजे होती.