अर्धा राहिलेला अध्याय
तीन वर्षं झाली, तरी मेथी निवडायला घेतली की ती दुपार आठवते. विश्रांतवाडीच्या आमच्या खोलीत बायको पाटावर बसून पोथी वाचत होती आणि मी समोर मेथी निवडत होतो. तिला धाप लागली म्हणून तिनं अध्याय निम्म्यावर थांबवला. अध्याय असा अर्धा ठेवत नाहीत. "उरलेला तुम्ही वाचा," ती म्हणाली. मी चौथी नापास, खडकीच्या कारखान्यात जन्मभर पेट्या उचलल्या. म्हटलं, "माझं काम ऐकायचं." ती म्हणाली, "इतकी वर्षं ऐकून काय कळलं मग? माणूस मनात स्वतःला जसा बघतो तसाच होतो, हेच तर पोथी सांगते. डोळे मिटा आणि पाटावर तुम्ही वाचत बसलाय असं बघा." मी मिटले. "तूच दिसतेस," म्हटलं. "अहो, मग रोज बघा. घाई कुणाला आहे?" असं म्हणून हसली आणि आडवी झाली. संध्याकाळी गेली. रात्रीच सगळं उरकलं. सकाळी घरात माणसं बसलेली असताना मी पाटावर बसलो आणि डोळे मिटले. या वेळी मीच दिसलो, दाढी वाढलेला, बनियनवरचा, पण वाचणारा. पोथी उघडली आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावायला लागलो. मोठ्या वहिनी ओरडल्या, "भावजी, सुतकात पोथीला हात लावता?" म्हटलं, "अध्याय अर्धा राहिलाय, वहिनी. पाप लागलं तर मला लागेल. तुम्ही बसा, ऐका, आणि मध्ये बोलू नका."